टूसॉनच्या पायोनियर हॉटेलची आग: २९ बळी, ४२ वर्षं तुरुंग, आणि आग कशी लागली हे अजून ठाऊक नाही

वैदेही_फोर्ट

दोन महिने झाले, एक केस डोक्यातून जात नाहीये. घरी बोलून झालं, कोर्टात वकिलांच्या बार रूममध्ये बोलून झालं, आता इथे लिहितेय.

मी वकील आहे, सेशन्स कोर्टात लीगल एडचं काम करते, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या बाजूने उभी राहते. सध्या जाळपोळीच्या एका प्रकरणात आरोपीच्या बाजूने उभी आहे. प्रकरण कोर्टात आहे, त्यामुळे त्याबद्दल फार लिहिणार नाही. तयारीसाठी आगीच्या तपासाविषयी मिळेल ते वाचत होते, त्यात ही केस सापडली.

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात टूसॉन नावाचं शहर आहे. तिथलं पायोनियर हे अकरा मजली हॉटेल १९२९ साली सुरू झालं आणि पुढे कित्येक वर्षं शहराची शान होतं. २० डिसेंबर १९७०, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. नाताळ तोंडावर, खाली ह्यूज एअरक्राफ्ट कंपनीच्या लोकांची मोठी पार्टी चालू, वर खोल्यांमध्ये पाहुणे झोपलेले. चौथ्या मजल्याच्या बोळात आग लागली. जिने उघडे, स्प्रिंकलर नाहीत. आग आणि धूर जिन्यातून सरळ वर चढले. अग्निशमन दलाच्या शिड्या वरच्या मजल्यांपर्यंत पोचेनात. काहींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या, बरेच जण धुराने गुदमरून गेले. त्या रात्रीचे २८ आणि काही महिन्यांनी दगावलेला एक, असे २९ मृत्यू. हॉटेल उभारणाऱ्या कुटुंबातलं स्टाइनफेल्ड जोडपं सगळ्यात वर राहायचं, तेही त्यातच गेलं.

लुई टेलर हा सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा त्या रात्री हॉटेलात होता. पार्टीतलं काही खायला-प्यायला मिळेल म्हणून शिरला होता. आग लागल्यावर तो पळाला नाही. त्याने दारं ठोठावली, लोकांना बाहेर काढायला मदत केली. पहाटेपर्यंत तोच संशयित झाला होता. रात्रभर चौकशी झाली, सोबत वकील नाही, आई-वडील नाहीत. तरी त्याने गुन्हा कबूल केला नाही, त्या रात्रीही नाही आणि पुढेही नाही. खटला फीनिक्सला हलवला. ज्यूरीत सगळे गोरे. १९७२ मध्ये २८ खुनांसाठी दोषी ठरला आणि एकापाठोपाठ एक भोगायच्या २८ जन्मठेपा लागल्या.

आता ज्या गोष्टीसाठी हा धागा काढला ती. आग लावली गेली, हे सांगणारा मुख्य साक्षीदार म्हणजे कॅलिफोर्नियाहून बोलावलेले एक आगतपासनीस. बोळात दोन वेगवेगळ्या जागी आग लावली गेली, असं त्यांनी जळाल्याच्या खुणा बघून सांगितलं. याच गृहस्थांनी तेव्हा तपास करणाऱ्यांना असंही सांगितलं होतं की हे करणारा बहुधा कृष्णवर्णीय आणि अठराच्या आसपासचा असावा. हे मी कुणाच्या आरोपातून उचललेलं नाही. त्यांनी स्वतः चाळीस वर्षांनी शपथेवर सांगितलेलं आहे आणि त्यात आपलं काही चुकलं असं त्यांना वाटलेलं दिसत नाही. आगीवरून माणसाची कातडी कळते, असं मानणाऱ्या माणसाच्या शब्दावर एक पोरगा आत गेला.

जळक्या अवशेषांचे नमुने लॅबमध्ये गेले होते. त्यात पेट्रोल-रॉकेलसारखं काहीही सापडलं नाही. तो अहवाल बचाव पक्षाला दिलाच गेला नाही.

खुनाच्या खटल्यात निदान खून झालाय हे तरी ठरलेलं असतं. इथे माणसं मेली होती, पण ती कुणीतरी मारली होती का, हाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मिळायच्या आधी मुलगा सापडलेला होता. इथे आगीच्या कामातली मंडळी असतील तर मला त्यांच्याकडून समजून घ्यायचं आहे: नुसत्या जळाल्याच्या खुणांवरून "लावलेली आग" असं कितपत सांगता येतं?

---

केतकी_ठाणे

वाचून सुन्न झाले. सोळा म्हणजे माझ्या भाच्याचं वय. सुटला का तो पुढे?

---

वैदेही_फोर्ट

केतकी, सुटला. २ एप्रिल २०१३ ला, वयाच्या ५८ व्या वर्षी. पण कसा सुटला ते जरा सविस्तर लिहावं लागेल, रात्री लिहिते.

---

सडेतोड

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजूही यायला हवी. त्याच्याकडे काड्यापेट्या सापडल्या होत्या. जबाबात तो फिरला होता, एकदा एक सांगितलं, नंतर दुसरं. तिथे राहायला नव्हता, पाहुणा नव्हता. आणि २०१३ मध्ये सोडतानासुद्धा सरकारी वकिलांनी आम्हाला तोच दोषी वाटतो असंच सांगितलं. ज्यांची २९ माणसं गेली त्यांनी काय समजायचं? प्रत्येक जुन्या केसमध्ये आरोपी निरागस आणि पोलीस वाईट, असं धरून चालणं मला पटत नाही.

---

शिवडीकर

वैदेहीताई, मी मुंबई फायर ब्रिगेडमध्ये ३१ वर्षं काढली, स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. एरवी इथे फक्त वाचतो. तुमचा प्रश्न थेट माझ्या कामाचा, म्हणून लिहितो. लांबेल.

आधी आग काय करते ते. बंद जागेत आग लागली की गरम धूर छताखाली साठतो. तो थर जाड होत खाली उतरतो आणि तापत जातो. पाच-सहाशे डिग्रीच्या घरात पोचला की त्याच्या नुसत्या झळीने खालचं सगळं एकदम पेट घेतं. चटई, खुर्ची, पडदे, कोपऱ्यातली पुस्तकं. ज्वाळा तिथपर्यंत जायची गरजच नाही. याला आम्ही फ्लॅशओव्हर म्हणतो. ज्याने दारातून तो एकदा पाहिला तो विसरत नाही. डोळ्यांसमोर खोलीची भट्टी होते.

फ्लॅशओव्हर झालेल्या जागेत नंतर गेलं की काय दिसतं? जमीन जळालेली. दोन-तीन ठिकाणी खोल जळाल्याच्या खुणा, एकमेकींपासून लांब. लाकडावर मगरीच्या पाठीसारखे खवले. काचेला बारीक तडे. आमच्या वेळी या प्रत्येक खुणेचा ठरलेला अर्थ होता. जमीन जळाली म्हणजे ओतलंय. दोन जागा म्हणजे दोनदा लावलंय. काचेला जाळीसारखे तडे म्हणजे फार झपाट्याने तापलंय, म्हणजे पेट्रोल. जुन्यांनी नव्यांना सांगितलं, नव्यांनी कोर्टात सांगितलं. पुढे प्रयोग झाले तेव्हा कळलं की तसले तडे तापलेल्या काचेवर आमच्याच होजचं पाणी पडल्याने जातात.

१९९१ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे एक प्रयोग झाला. एका माणसावर घर पेटवून कुटुंबातली माणसं मारल्याचा आरोप होता. सरकारी पक्षानेच शेजारचं तसंच घर मिळवलं, तसंच सामान लावलं आणि कुठलंही तेल न ओतता सोफा पेटवला. त्यांची समजूत अशी की फ्लॅशओव्हरला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतील. पाच मिनिटांच्या आत झाला, आणि जमिनीवर खुणा आल्या त्या हुबेहूब "ओतल्यासारख्या". सरकारी पक्षाने आरोप मागे घेतले. पुढच्याच वर्षी, १९९२ ला, तिथल्या अग्निसुरक्षा संस्थेने आगतपासाची मार्गदर्शिका काढली, ९२१ क्रमांकाची. त्याआधीची कितीतरी साक्ष ही अनुभवाच्या नावावर खपलेली समजूत होती.

आणि ही केवळ जुन्या काळची गोष्ट नाही. २००५ मध्ये लास वेगासला ५३ तपासनिसांपुढे एक परीक्षा ठेवली होती. फ्लॅशओव्हरनंतर सुमारे दोन मिनिटं जळू दिलेली खोली दाखवून विचारलं, आग कुठल्या चतुर्थांशात सुरू झाली. बरोबर उत्तर देणारे तीन. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तेराएक जणांचं बरोबर आलं असतं.

आता माझ्या पाहण्यातलं. नव्वदच्या दशकात भुलेश्वरच्या बाजूला एका लॉजला आग लागली. दुसरा मजला, लाकडी जिना. पहाटे चारच्या सुमारास आम्ही वर गेलो. खोलीच्या मधोमध फरशीवर काळा वेडावाकडा डाग, कडा ओघळलेल्या. बघणारा कुणीही म्हणेल की रॉकेल ओतलंय. आदल्या दिवशी मॅनेजरचं एका कामगार पोराशी पगारावरून भांडण झालं होतं. आम्ही खाली येईपर्यंत त्या पोराला जिन्याशी बसवून ठेवलेलं होतं, आणि एक जण त्याच्या शर्टाचा वास घेत होता.

मी परत वर गेलो. खराट्याने डाग झाडला, थोडं पाणी मारलं, गवंड्याच्या करणीच्या टोकाने खरवडला. खाली चिवट, चकचकीत थर निघाला. फोमची गादी. फोम जळताना वितळतो, ठिबकतो आणि फरशीवर तेलासारखा पसरून पेटत राहतो. कॉटची लोखंडी चौकट बाजूला कुणीतरी सरकवली होती, म्हणून डागाचा आणि गादीचा संबंध कुणाच्या लक्षात आला नव्हता. मूळ शेवटी भिंतीतल्या वायरीच्या एका जुन्या सांध्यात निघालं.

खाली आलो तेव्हा त्या पोराचे हात बघितले. तळव्यांना फोड आले होते. आम्ही पोचायच्या आधी अर्धा तास तो बादल्या ओढत होता.

टेलरने दारं ठोठावली, हे तुम्ही लिहिलंत तेव्हा मला ते तळवे आठवले.

---

केतकी_ठाणे

शिवडीकर काका, हे वाचून काटा आला अंगावर.

---

नंदू_सर्व्हेअर

शिवडीकरांना अनुमोदन. मी विम्याच्या कामात आहे, जळालेले गाळे आणि गोदामं बघण्यात हयात चालली आहे. एका गोष्टीची भर घालतो.

वैदेही, तू म्हणालीस की लॅबला काही सापडलं नाही. त्यावर सरकारी पक्षाचं ठरलेलं उत्तर असतं, "सगळं जळून गेलं असेल". ते कधीकधी खरंही असतं. पण मग "सापडलं नाही" हे "होतं" याचा पुरावा कसं होईल? आणि उलट बाजूही बघ. आपल्याकडे नमुना घेतात कसा? जळकी माती, कापडाचा तुकडा, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, सुतळी बांधायची, लाखेचं सील मारायचं, पंचांच्या सह्या. ती पिशवी पोलीस ठाण्याच्या मुद्देमालात पडून राहते आणि मग कलिनाच्या सरकारी लॅबला जाते. रॉकेल-पेट्रोलची वाफ साध्या प्लास्टिकमधून निघून जाते. त्याच कपाटात शेजारी दुसऱ्या केसमधली पेट्रोलची बाटली असेल तर वाफ आतही येऊ शकते. नमुना हवाबंद पत्र्याच्या डब्यात नाहीतर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत हवा. शिवाय न जळलेल्या भागातला तुलनेचा नमुना हवा, कारण हल्लीच्या गालिच्यांतून, चिकटपट्ट्यांतून आणि रंगांतूनही तसली रसायनं निघतात.

तुझ्या केसमधली पिशवी बघ. नक्की बघ.

---

वैदेही_फोर्ट

शिवडीकर काका, नंदूकाका, तुमचे प्रतिसाद मी छापून फाइलला लावलेत.

सडेतोड, तुमचे मुद्दे रास्त आहेत, एकेक घेते.

काड्यापेट्या: १९७० साल आहे. हॉटेलं आपल्या नावाच्या काड्यापेट्या फुकट वाटायची. खिशात काड्यापेटी असणं म्हणजे आज खिशात मोबाइल असणं. आग लावली गेली हे आधी ठरलं असेल तरच काड्यापेटीला वजन येतं.

जबाबातला फरक: रात्रभर बसवून तेच तेच विचारलं, तर चाळिशीतला माणूसही फिरेल, हा तर सोळा वर्षांचा मुलगा. मी रोज आरोपींशी बोलते. खरं सांगणाराही घाबरला की समोरच्याला हवं ते द्यायला बघतो. या मुलाने इतकं होऊनही "मी लावली" हे एक वाक्य दिलं नाही.

सरकारी वकिलांचं मत: होय, टूसॉन ज्यात येतं त्या पिमा काउंटीच्या सरकारी वकिलांनी २०१३ मध्ये तेच सांगितलं. पण त्याच वेळी त्यांनी हेही मान्य केलं की आज पुन्हा खटला चालवायचा तर पुरावा पुरणार नाही. त्याआधी टूसॉनच्याच अग्निशमन खात्याने जुनी कागदपत्रं नव्याने तपासली आणि कारण ठरवता येत नाही असं सांगितलं. लावली असं नाही, अपघात असंही नाही. माझा दावाही तेवढाच आहे. टेलर निर्दोष होता हे मी सिद्ध करू शकत नाही. ते सिद्ध करणं त्याचं काम कधीच नव्हतं.

आता केतकीच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर. चुकीची शिक्षा झालेल्यांसाठी लढणाऱ्या अ‍ॅरिझोना जस्टिस प्रोजेक्ट या संस्थेच्या वकिलांनी ही केस वर काढली. त्यांच्याकडे नवे तज्ज्ञ होते, लपवलेला लॅब अहवाल होता. सरकारी पक्षाने सौदा पुढे केला: जुनी शिक्षा रद्द करू, पण त्याच २८ आरोपांना तू "नो कॉन्टेस्ट" म्हणायचं. गुन्हा कबूल करायचा नाही, पण आरोपांना विरोधही करायचा नाही. मग कोर्ट दोषी धरणार आणि भोगलेली वर्षं हीच शिक्षा म्हणून लगेच सोडणार. नाही म्हटलंस तर लढ, आणखी किती वर्षं लागतील सांगता येत नाही, तोवर आत.

५८ वर्षांचा माणूस, ४२ वर्षं आत काढलेला. तुम्ही काय म्हणाला असतात? मी त्याची वकील असते तर मी काय सल्ला दिला असता, याचा विचार करत मी दोन रात्री जागले. सही कर, असंच सांगितलं असतं.

त्या सहीची किंमत पुढे कळली. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला. २०१९ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की २०१३ ची दोषसिद्धी कायम आहे आणि भोगलेली वर्षं हीच तिची शिक्षा आहे, म्हणून त्या तुरुंगवासाचे पैसे मागता येणार नाहीत. तिघांपैकी एका न्यायाधीशांना हे मान्य नव्हतं. पण निकाल तोच राहिला.

---

लोअरपरळ_८७

मी थोडं वेगळं लिहितोय, राग मानू नका.

२९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आवारात आग लागली, १४ जण गेले. माझं ऑफिस तिथेच, दोन इमारती सोडून. सकाळी नेहमीच्या गेटने आत सोडत नव्हते. फुटपाथवर ओल्या काजळीचा वास होता, आणि एक बाई गार्डला एकच विचारत होती, "बाथरूम कुठल्या बाजूला होतं?" पुष्कळ मृतदेह स्वच्छतागृहात सापडले होते, हे मला नंतर कळलं. त्या बाईला ते आधी कळलं होतं.

त्या दिवशी मला कुणीतरी आत गेलेलं हवं होतं. मनापासून हवं होतं, कोण याच्याशी देणंघेणं नव्हतं. हे मी आज कबूल करतो. टूसॉनच्या लोकांनाही तेच वाटलं असणार. सडेतोड म्हणतात ते २९ घरांचं दुःख खरं आहे. पण ४२ वर्षं त्या घरांना जे सांगितलं गेलं तेही तपासलेलं नव्हतं, आणि आता खरं काय ते त्यांना कधीच कळणार नाही. उघडे जिने, स्प्रिंकलर नाहीत, पोचत नसलेल्या शिड्या, या कशासाठीही कुणी तुरुंगात गेलं नाही. सगळं एका पोराच्या नावावर लागलं.

---

सडेतोड

लोअरपरळ, तुमचा शेवटचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मी मगाशी पोलिसांच्या बाजूने लिहिलं, पण जिन्यांबद्दल मी एक शब्दही विचारला नाही, हे खरं.

वैदेहीताई, एक विचारतो. आपल्याकडे असा सौदा होऊ शकतो का?

---

वैदेही_फोर्ट

नाही. आपल्याकडे प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेचा सौदा, २००६ पासून आहे, पण सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना ते लागू होत नाही. त्यामुळे खुनाच्या केसमध्ये असा कागद पुढे येणार नाही. पण भरपाईच्या बाबतीत आपण टूसॉनवाल्यांना नावं ठेवू नयेत.

नाशिक जिल्ह्यातली २००३ ची दरोडा आणि खुनाची केस काहींना आठवत असेल. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर. २००९ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. मग तोच निकाल पुन्हा उघडला गेला आणि ५ मार्च २०१९ ला सहाही निर्दोष सुटले. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. कोर्टाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख द्यायला सांगितलं. सोळा वर्षांचे पाच लाख. हिशेब करा, महिन्याला जेमतेम अडीच हजारांच्या आसपास येतात. आणि हेही कोर्टाने आपणहून दिले म्हणून मिळाले. चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी स्वतंत्र कायदा करा, अशी शिफारस विधी आयोगाने २७७ व्या अहवालात, २०१८ सालीच केली आहे.

---

केतकी_ठाणे

महिन्याला अडीच हजार. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सइतके.

---

नंदू_सर्व्हेअर

वैदेही, पिशवीचं काय झालं?

---

वैदेही_फोर्ट

नंदूकाका, मुद्देमाल पाहण्याचा अर्ज मंजूर झाला. काल कोर्टाच्या शिरस्तेदारांसमोर बघितली. साधी पातळ पॉलिथीनची पिशवी, तोंडाला सुतळी, लाखेचं सील अर्धं तडकलेलं. लेबलवर जप्तीची तारीख आणि लॅबकडे पाठवल्याची तारीख, मध्ये एकेचाळीस दिवस. तुलनेचा नमुना नाहीच. आणि काका, आत काळा चकचकीत तुकडा आहे, पंचनाम्यात त्याला "जळके कापड" म्हटलंय. मला तो फोमसारखा वाटला, पण माझ्या वाटण्याला काय अर्थ आहे?

---

शिवडीकर

हात लावू नका. कोर्टाच्या परवानगीने फोटो घ्या, दोन्ही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून. ज्या खोलीत तो सापडला तिथे गादी होती का, एवढं पंचनाम्यात शोधा. कॉटचा उल्लेख असेल तर कॉट कुठल्या भिंतीला होती तेही बघा. पुढची तारीख कधी आहे सांगा, मी फोर्टला येतो.